फितूर साक्षीदार : हिमप्रदेशातील साहस आणि मानवी मन

ज्या प्रांतातील बहुसंख्य लोकांनी आपल्या जन्मभूमीत हिम पडताना कधी पाहिलेले नाही, त्या प्रांताच्या भाषेत हिमावरील क्रीडा, त्यांतील जोखीम आणि त्यांचे शरीरावर व मनावर होणारे परिणाम यांविषयी विस्ताराने लिहिण्याची तजवीज कोणी करावी, याचे प्रथमदर्शनी नवल वाटण्याचा संभव आहे. परंतु गेल्या काही दशकांत महाराष्ट्रातून हिमालयाकडे जाणाऱ्या माणसांचा ओघ कसा वाढत गेला हे ज्याने पाहिले असेल, त्याचे हे नवल फार काळ टिकणार नाही. सह्याद्रीचे कडे आणि सुळके दोराच्या साहाय्याने चढण्यात ज्यांची उमेदवारी झाली, अशा तरुणांच्या अनेक पिढ्या दार्जिलिंग, उत्तरकाशी आणि मनाली येथील गिर्यारोहण संस्थांत जाऊन बर्फावरचे शिक्षण घेऊन आल्या. १९९८ मध्ये सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले, २०१२ मध्ये पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेने त्याच शिखरावर आपली मोहीम नेली, आणि या मंडळींच्या पावलांमागून, त्यांच्याइतकी तयारी नसलेला पण उत्साहात तसूभरही कमी नसलेला एक फार मोठा समुदाय डिसेंबरात केदारकंठाच्या बर्फात, जानेवारीत झंस्कार नदीच्या गोठलेल्या पात्रावर, आणि पायांत स्की बांधून गुलमर्ग व औलीच्या उतारांवर दिसू लागला. समुद्रसपाटीवरील मुंबईतून पहाटेच्या विमानाने निघालेल्या गृहस्थाने दोन प्रहरांच्या सुमारास लेहच्या साडेतीन हजार मीटर उंचीवर उतरावे आणि दुसऱ्याच दिवशी मोटारीत बसून पाच हजार तीनशे मीटरांहून उंच असलेल्या खारदुंग खिंडीत छायाचित्र काढून घ्यावे, ही आज नित्याची गोष्ट झाली आहे. त्याच्या शरीराला या स्थलांतराची कोणतीही पूर्वसूचना मिळालेली नसते, आणि ती मिळावयास हवी होती हे त्याच्या मनाला सुचतही नाही.

अशा साहसांकडे पाहण्याच्या दोन रीती आपल्याकडे रूढ आहेत. अपघाताची वार्ता आली की पहिली रीत पुढे होते, आणि घरदार सोडून, कोणी बोलावले नसता, मरणाच्या दाढेत जाण्याचे हे खूळ कशासाठी, असा प्रश्न विचारते. शिखर सर झाल्याची वार्ता आली की दुसरी रीत जागी होते, आणि हारतुरे, सत्कार व पोवाड्याची भाषा यांना भरती येते. या दोहोंत वरकरणी कितीही विरोध भासला, तरी एका गृहीतकाविषयी त्यांचे पूर्ण एकमत आहे. ते असे की धोका हा बाहेर, म्हणजे कड्यात, हिमभेगेत, वादळात असतो, आणि माणूस तो नीट पाहून, तोलून, मग त्याला भिडतो किंवा टाळतो. सुमारे दीडशे वर्षांत वैद्यकाने आणि मानसशास्त्राने जो पुरावा जमविला आहे, तो या गृहीतकाच्या मुळावरच येतो. ज्या मनाच्या साक्षीवर आपण धोक्याचा फैसला करतो, त्या साक्षीदारालाच उंची आणि थंडी सर्वांआधी फितूर करतात. हातपाय अजून चालत असतात, हुरूप कायम असतो, आणि साक्ष मात्र केव्हाच फिरलेली असते. पुढे जे काही सांगावयाचे आहे ते याच एका गोष्टीभोवती फिरणारे आहे, कारण तिच्याइतकी महत्त्वाची आणि तिच्याइतकी दुर्लक्षित गोष्ट या सबंध विषयात दुसरी नाही असे माझे मत आहे.

या फितुरीचा पहिला निःसंदिग्ध दाखला पर्वतावरचा नसून आकाशातला आहे. १५ एप्रिल १८७५ रोजी ‘झेनिथ’ नावाचे बलून तिघा फ्रेंच संशोधकांना घेऊन पॅरिसहून वर चढले. क्रोसे-स्पिनेली, सिवेल आणि गास्तों तिसांदिये ही ती तीन माणसे. विरळ हवेत माणूस का मरतो, याचा शोध लावणारा शरीरशास्त्रज्ञ पॉल बेर याच्या सल्ल्याने त्यांनी प्राणवायूमिश्रित हवेच्या पिशव्या सोबत घेतल्या होत्या. मात्र हा साठा अपुरा आहे असा इशारा देणारे बेरचे पत्र त्यांच्या हाती वेळेवर पोहोचले नाही. बलून आठ हजार मीटरांच्या पलीकडे गेले आणि जमिनीवर परत आले तेव्हा तिघांपैकी एकटा तिसांदिये जिवंत होता. त्याने लिहून ठेवलेली कैफियत या शास्त्रातील अव्वल दर्जाचा दस्तऐवज आहे. त्यात गुदमरण्याचे, तडफडण्याचे, भीतीचे वर्णन नाही. शरीर आणि मन हळूहळू, नकळत निर्बल होत गेले. वेदना मुळीच नव्हती, उलट सर्व बाजूंनी प्रकाशाने न्हाऊन निघाल्यासारखा एक आंतरिक आनंद वाटत होता. आपण कोणत्या संकटात आहो याचा विचार मनात येत नव्हता, आणि वर चढत आहो याचे सुख होत होते. प्राणवायूची नळी हाताशी होती. ती तोंडाला लावावी असे त्याला वाटलेही, परंतु हात उचलेना. आपण आठ हजार मीटरांवर आलो हे सोबत्यांना ओरडून सांगावे असे त्याच्या मनात आले, आणि जीभ हलेना.

तिसांदियेच्या या कैफियतीचा अर्थ पुरता ध्यानात घेतला पाहिजे. मेंदूला प्राणवायू कमी पडू लागला की प्रथम जाते ते स्वतःच्या अवस्थेचे मूल्यमापन करण्याचे सामर्थ्य. आणि ते गेल्यामुळे बाकीचेही जात आहे याची दखल घेण्यास कोणी शिल्लक राहत नाही. बेरने १८७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या बृहद्ग्रंथात हवेचा दाब उतरला की प्राणवायूचा दाबही त्याच प्रमाणात उतरतो आणि अनर्थाचे मूळ त्यातच आहे हे प्रयोगांनी सिद्ध केले. सुमारे साडेपाच हजार मीटरांवर हा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा असतो, एव्हरेस्टच्या माथ्यावर एकतृतीयांशाच्या आसपास. शुद्ध, ताजी, आरोग्यदायी अशी आपण जिची ख्याती गातो ती पहाडी हवा फुफ्फुसांना अर्धपोटी ठेवणारी असते, हे सत्य कोणत्याही प्रवासी पत्रकात छापलेले आढळत नाही.

पंचाहत्तर वर्षांनी हेच नाट्य अन्नपूर्णा शिखरावर घडले. ३ जून १९५० रोजी मॉरिस एर्झोग आणि लुई लाशेनाल हे दोघे प्राणवायूची नळकांडी न वापरता त्या ८०९१ मीटर उंचीच्या शिखरावर पोहोचले. आठ हजार मीटरांहून उंच अशा शिखरावर माणसाचे पाऊल पडण्याची ती पहिलीच वेळ. लाशेनालला पाय बधिर होत आहेत याची जाणीव होती आणि तो खाली उतरण्याची घाई करीत होता. एर्झोगला मात्र अलौकिक हर्षाने व्यापून टाकले होते. उतरताना पिशवीतून काही काढण्यासाठी त्याने हातमोजे काढून ठेवले, आणि ते उतारावरून घरंगळत गेले. ते जाताना त्याने स्वच्छ पाहिले. त्याच्या पिशवीत पायमोज्यांचा एक जादा जोड होता, तो हातांवर चढविता आला असता. परंतु इतकी साधी, शाळकरी मुलालाही सुचेल अशी युक्ती त्या क्षणी त्याला सुचली नाही. पुढे परतीच्या वाटेवर मोहिमेसोबतचे डॉक्टर उदो यांना त्याच्या हातापायांची बोटे कापावी लागली. एर्झोग हा शूर होता, कसलेला होता, मोहिमेचा नायक होता. त्याच्या ठायी जे उणे पडले ते धैर्य नव्हते. मला तर असे वाटते की त्या माथ्यावरचा तो हर्ष आणि हातमोज्यांच्या वेळची ती बुद्धिमांद्याची घटका ही एकाच कारणाची दोन फळे असावीत, आणि गिर्यारोहणाच्या वाङ्मयात पहिल्याचे जितके गुणगान झाले आहे त्याच्या शतांशही दुसऱ्याचे विवेचन झालेले नाही.

उंचीच्या रोगांचे शास्त्र यानंतरच्या दोन दशकांत पक्के झाले, आणि त्यात हिमक्रीडेचा व आपल्या देशाचा मोठा वाटा आहे. अमेरिकेतील ॲस्पेन येथे वैद्यकी करणारे, आणि के-टू शिखरावर दोन मोहिमा नेलेले चार्ल्स ह्यूस्टन यांनी १९६० मध्ये एका धडधाकट तरुण स्कीपटूची हकीगत प्रसिद्ध केली. उंच खिंड ओलांडताना त्याची छाती भरून आली होती. अशा रोग्यांना तोवर न्यूमोनिया झाला असे समजून उपचार करण्याचा शिरस्ता होता. ह्यूस्टन यांनी दाखविले की फुफ्फुसांत पाणी साचण्याचा हा विकार जंतूंमुळे होत नसून केवळ उंचीमुळे होतो. पुढे १९६२ च्या युद्धात व त्यानंतर आपल्या हजारो सैनिकांना अल्पावधीत हिमालयाच्या सरहद्दीवर चढविण्याची वेळ आली, तेव्हा लष्करी वैद्यांसमोर या विकारांचा जो अफाट अनुभव उभा राहिला, त्याची पद्धतशीर नोंद इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. १९२५ सैनिकांच्या निरीक्षणावर आधारलेला त्यांचा १९६९ चा निबंध आजही जगभर प्रमाण मानला जातो. जगातील उंचीच्या वैद्यकाचा एक पाया आपल्या जवानांच्या यातनांवर उभा आहे, आणि त्याच देशातील प्रवासी त्या ज्ञानाकडे पाठ फिरवून खिंडीखिंडींतून धावत सुटतात, याची मला मनापासून खंत वाटते.

त्या ज्ञानाचा इत्यर्थ फार कठीण नाही. डोके दुखणे, अन्नावरची वासना जाणे, मळमळ, झोपेचा अभाव ही पहिली पायरी. विश्रांती घेत असतानाही धाप लागणे, कोरडा खोकला, आणि नंतर गुलाबी फेसाळ थुंकी हे फुफ्फुसांत पाणी साचल्याचे चिन्ह. तोल जाणे, सरळ रेषेत टाचेला अंगठा लावून चालता न येणे, आणि बोलण्यात विसंगती हे मेंदूला सूज आल्याचे. या दोन्ही अवस्थांवर खरा उपाय एकच, विनाविलंब खाली उतरणे. प्राणवायू व औषधे ही त्या उतरण्याला साहाय्य करणारी, त्याची जागा घेणारी नव्हेत. तीन हजार मीटरांच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा रोज पाचशे मीटरांहून अधिक उंच नेऊ नये, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस मुक्काम हलवू नये, हा सर्वमान्य दंडक आहे. व्यायामाने कमावलेले शरीर या बाबतीत काडीचेही संरक्षण देत नाही. उलट बलवान तरुण सर्वांच्या पुढे धावतो, आपल्या डोकेदुखीविषयी अवाक्षर काढीत नाही, आणि म्हणूनच आधी पडतो. ज्याचा मेंदू सुजला आहे तो तर आपण ठणठणीत असल्याची ग्वाही सर्वांत ठामपणे देतो. अशा वेळी त्याचा जबाब ग्राह्य धरावयाचा की त्याच्या पावलांचा, हे सोबत्यांनी आधीच ठरवून ठेवलेले असावे.

थंडीचे वर्तन याहूनही कपटी आहे. शरीराच्या अंतर्भागाचे तपमान ३५ अंशांच्या खाली गेले की हुडहुडी भरते, बोटे गाठ मारीनाशी होतात, शब्द अडखळू लागतात. ते ३२ अंशांच्या आसपास आले की हुडहुडी थांबते, आणि अनुभव नसलेल्या सोबत्याला वाटते की गड्याला बरे वाटू लागले. शेवटच्या अवस्थेत तर काही माणसांना असह्य उकाडा होत असल्याचा भास होऊन ती अंगावरचे कपडे काढून फेकतात, आणि बर्फात उघडी मरून पडलेली सापडतात. मरणासन्न शरीर मनाला ऊब मिळाल्याची खोटी खबर देते, यापेक्षा फितुरीचा दारुण प्रकार कोणता असू शकेल? याच थंडीची दुसरी बाजूही मात्र सांगितली पाहिजे. १९९९ मध्ये नॉर्वेतील नार्विकनजीक एक तरुण स्त्री स्कीवरून घसरून गोठलेल्या ओढ्याच्या बर्फाखाली अडकली; बाहेर काढल्यावर तिच्या शरीराचे तपमान १३.७ अंशांपर्यंत उतरल्याची नोंद झाली, हृदय बंद होते, आणि तरीही रुग्णालयात तिचे रक्त शरीराबाहेर खेळवून, हळूहळू तापवून तिला परत आणण्यात आले. थंडीने मेंदूची प्राणवायूची गरजच इतकी उतरविली होती की तो तगून राहिला. म्हणून थंडगार पडलेल्या देहाला ऊब दिल्यावाचून मृत ठरवू नये, असा नियम आता पर्वतावरील वैद्य पाळतात.

येथवर ज्या फितुरीचे वर्णन केले ती शरीरद्वारा होणारी होती. परंतु जेथे हवा पुरेशी आहे, थंडीचा पुरता बंदोबस्त केलेला आहे आणि माणूस सर्वार्थाने शुद्धीवर आहे, तेथेही मन दगा देते, आणि हिमस्खलनाच्या अभ्यासाने हे जितके उघड केले तितके दुसऱ्या कशानेही केलेले नाही. करमणुकीसाठी बर्फात गेलेली जी माणसे हिमस्खलनात सापडतात, त्यांपैकी बहुतेकांच्या बाबतीत तो हिमाचा थर त्यांच्या स्वतःच्या किंवा सोबत्याच्या भारानेच सुटलेला असतो. तीस ते पंचेचाळीस अंशांचा उतार, आत कोठेतरी साखरेसारख्या सुट्या कणांचा दुबळा पापुद्रा, त्यावर वाऱ्याने आणून दाबून बसविलेला घट्ट थर, आणि त्यावरून जाणारा एक स्कीवाला, एवढी सामग्री पुरते. एकदा गाडला गेल्यावर काळ किती थोडा उरतो, याचा हिशेब स्वित्झर्लंडमधील १९८१ ते १९९१ या वर्षांतील अपघातांवरून मांडला गेला आहे: पहिल्या पंधरा मिनिटांत बाहेर काढलेल्यांपैकी शेकडा ९० हून अधिक जगले, पस्तीस मिनिटांनी हे प्रमाण शेकडा ३० च्या आसपास आले. कोणतेही बचावपथक खालच्या गावातून इतक्या अवधीत पोहोचत नाही. गाडलेल्याचा ठाव लावणारा ट्रान्सीव्हर, हिमात खुपसून चाचपण्याची काठी म्हणजे प्रोब, आणि फावडे घेतलेले सोबती हीच काय ती आशा.

इयन मॅकॅमन या संशोधकाने अमेरिकेतील १९७२ ते २००३ या काळातील ७१५ हिमस्खलनांची छाननी केली, तेव्हा जी गोष्ट हाती आली ती विचार करायला लावणारी होती. बळी पडलेल्यांपैकी कित्येकांना हिमस्खलनाचे शिक्षण मिळालेले होते, आणि धोक्याची चिन्हे बहुधा डोळ्यांसमोर होती. मग ते त्या उतारावर का गेले? उतार ओळखीचा होता म्हणून. ठरलेला बेत पुरा करावयाचा होता म्हणून. सोबत जाणता समजला जाणारा एक मनुष्य होता आणि तो पुढे चालला होता म्हणून. दुसरी टोळी आपल्याआधी त्या कोऱ्या हिमावर उतरेल म्हणून. किंवा पाहणारे चार लोक होते म्हणून. यांपैकी परिचयाचा सापळा मला सर्वांत भयंकर वाटतो. ज्या उतारावरून आपण अनेकदा सुखरूप गेलो, त्याविषयी शिक्षित माणसेही अशिक्षितांइतकीच बेफिकीर होतात असे मॅकॅमनला आढळले. याचे कारण उघड आहे. हिमाचा उतार बहुतेक वेळा सुटत नाही. त्यामुळे चुकीच्या निर्णयालाही बहुधा बक्षीसच मिळते, आणि माणूस त्या बक्षिसाला अनुभव असे नाव देतो. इतर विद्यांत चूक केली की गुरू हटकतो आणि शिष्य सुधारतो. या विद्येत गुरू वर्षानुवर्षे गप्प राहतो, आणि ज्या दिवशी बोलतो त्या दिवशी शिष्य उरत नाही.

दुसरा सापळा संकल्पाचा, आणि तो आपल्याकडच्या मध्यमवर्गीय हौशी गिर्यारोहकाला विशेष लागू आहे. वर्षभर पगारातून पैसे बाजूला काढलेले, कचेरीत महिनोन्महिने आधी अर्ज देऊन रजा मंजूर करून घेतलेली, नातलगांत व शेजारीपाजारी बभ्रा झालेला, देणगीदारांचे फलक पिशवीत बांधलेले. अशा स्थितीत चढाईच्या दिवशी आभाळ दाटून आले, तर मोहीम तहकूब करण्याचा विचार मनात येणेच दुष्कर होऊन बसते. पर्वताला या जमाखर्चाशी काहीही कर्तव्य नसते. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तराखंडातील द्रौपदी का डांडा शिखराच्या उतारावर प्रशिक्षणार्थींच्या तुकडीवर हिमस्खलन कोसळले, आणि केवळ आल्प्समधली वाटणाऱ्या या आपत्तीची आच आपल्या घरांपर्यंत येऊन पोहोचली.

इतके सारे असता माणूस तेथे जातोच कशासाठी, या प्रश्नाला पाश्चात्त्य मानसशास्त्राने निरनिराळ्या काळी निरनिराळी उत्तरे दिली. साहस ही प्रच्छन्न मृत्युवासना होय, असे एक मत दीर्घकाळ प्रतिष्ठित होते. ते मला कधीच पटले नाही, कारण दोराची गाठ तिनतिनदा तपासून पाहणाऱ्या माणसाइतकी जगण्याची आस्था मी अन्यत्र क्वचितच पाहिली आहे. मार्विन झुकरमन यांनी १९६४ मध्ये उत्कट संवेदनांची ओढ मोजण्याचे एक माप सिद्ध केले, आणि गिर्यारोहक व स्कीपटू त्या मापावर सामान्यांहून वर भरतात असे दिसून आले. परंतु ओढ मोजली म्हणजे ओढीचा अर्थ लागला असे होत नाही. मिहाय चिक्सेंटमिहाय यांनी १९७५ च्या आपल्या ग्रंथात कातळ चढणारे, बुद्धिबळपटू, शल्यवैद्य आणि नर्तक यांना एका पंक्तीस बसविले, ते मात्र मर्माला स्पर्श करणारे आहे. समोरचे आव्हान आणि अंगचे कौशल्य यांचा काटा तंतोतंत जुळला की चित्त एकाग्र होते, ‘मी’पणा गळून पडतो, काळाचे भान सुटते, आणि ही अवस्था स्वतःच इतकी सुखाची असते की तिच्यासाठी माणूस पुन्हा पुन्हा तेथे येतो. आव्हान कौशल्याच्या पुढे गेले की तिची जागा भीती घेते. म्हणजे खऱ्या साहसिकाला जे प्रिय आहे ते संकट नसून संकटाच्या सान्निध्यातील प्रभुत्व होय. आणि आपले प्रभुत्व शाबूत आहे की नाही हे सांगणारा साक्षीदारच फितूर होण्याजोगा असल्यामुळे सारा घोटाळा होतो.

याच संदर्भात झुरिकचे भूगर्भशास्त्रज्ञ आल्बर्ट हाइम यांची आठवण होते. १८७१ मध्ये सेंटिस पर्वतावरून उतरताना वाऱ्याने उडालेली टोपी धरावयास ते गेले आणि सुमारे वीस मीटर खाली कोसळले. त्या पडण्याच्या निमिषमात्रात आपल्या मनात किती विचार, किती शांतपणे आणि किती क्रमशः येऊन गेले याचे त्यांना इतके आश्चर्य वाटले की पुढे वीस वर्षे त्यांनी कड्यांवरून पडून वाचलेल्या माणसांच्या जबान्या गोळा केल्या व १८९२ मध्ये त्या स्विस आल्पाइन क्लबच्या वार्षिकात मांडल्या. बहुतेकांचा अनुभव एकच: वेदना नाही, हताशा नाही, विचारांचा विलक्षण वेग, काळ लांबल्याचा भास, आणि पुष्कळदा संगीत ऐकू येत असल्याची जाणीव. पर्वतावर आप्त गमावलेल्या कुटुंबांना या निबंधाने दिलासा मिळावा अशी हाइम यांची मनोमन इच्छा होती, आणि त्या करुणेपुढे माझे मस्तक नम्र होते. तरीही त्यातून निघणारा दुसरा निष्कर्ष टाळता येत नाही. ज्या क्षणी भय वाटावयास हवे त्या क्षणी ते वाटत नाही, आणि पर्वतावर वाटणारी शांती ही सुरक्षिततेचा पुरावा म्हणून कधीच स्वीकारता येत नाही.

आरोग्याच्या जमेच्या बाजूविषयी थोडक्यात सांगून पुरे करतो, कारण तिच्याविषयी फारसा वाद नाही. बर्फावर तासन्‌तास चालल्याने हृदय, फुफ्फुसे आणि स्नायू बळकट होतात. हिवाळ्यातही अंगावर ऊन पडते, झोप गाढ लागते, आणि नगरातील कोंदट जीवनाने मनावर चढलेली काजळी उतरते. मात्र हा लाभ वर्षभर चालणाऱ्याला होतो, वर्षातून एकदाच धावणाऱ्याला नव्हे. मार्टिन बुर्चर यांनी ऑस्ट्रियन आल्प्समधील मृत्यूंचा जो अभ्यास केला त्यात डोंगरावर फिरणाऱ्यांच्या आणि स्की करणाऱ्यांच्या मृत्यूंचे एक मोठे कारण घसरणे किंवा गाडले जाणे नसून हृदय अकस्मात बंद पडणे हे निघाले, आणि असे मृत्यू विशेषकरून मुक्कामाच्या पहिल्याच दिवशी, व्यायामाची सवय नसलेल्या मध्यमवयीन पुरुषांत आढळले. हिमाच्या पृष्ठावरून सूर्याचे अतिनील किरण शेकडा ८० पर्यंत परावर्तित होतात, त्यामुळे काळा चष्मा नसेल तर काही तासांत डोळ्यांची आग होऊन दृष्टी तात्पुरती जाते. साधनांविषयी एक गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. पडताच पायातून सुटणारी स्कीची कडी आल्यापासून नडगीचे अस्थिभंग पुष्कळ कमी झाले, परंतु गुडघ्यातील स्नायुबंध तुटण्याचे प्रकार त्याच मानाने कमी झाले नाहीत. साधन सुधारले की माणूस वेग वाढवितो आणि वाचलेली सुरक्षितता खर्चून टाकतो, असा सिद्धान्त जेराल्ड वाइल्ड यांनी मांडला आहे. तो सर्वत्र खरा ठरत नसला, तरी हिमावर त्याचा प्रत्यय वारंवार येतो.

आणखी एका गोष्टीचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. जोखमीविषयीचे बहुतेक सारे मानसशास्त्र ती स्वखुशीने पत्करणाऱ्याविषयी लिहिले गेले आहे. पर्वतावर मात्र दर शिखरामागे ती मजुरीपोटी पत्करणारी माणसे असतात. १८ एप्रिल २०१४ रोजी एव्हरेस्टच्या खुंबू हिमप्रपातात बर्फाचा कडा कोसळून सोळा नेपाळी कामगार मृत्यू पावले; ते दुसऱ्यांच्या चढाईसाठी वाट बांधीत व सामान वाहून नेत होते. त्यांना कोणत्याही उत्कट संवेदनेची ओढ तेथे घेऊन गेली नव्हती. शिखराच्या मोहात ज्याचे मन फितूर झाले, त्याच्या निर्णयाची किंमत पुष्कळदा खालच्या छावणीतून त्याला शोधण्यासाठी वर चढणारा शेर्पा देतो, आणि म्हणून स्वतःच्या जिवाचा मालक मी स्वतः आहे हे उत्तर पर्वतावर पुरेसे होत नाही.

साक्षीदार फितूर होणार हे आधीच माहीत असेल, तर शहाणपण त्याचा जबाब आधीच नोंदवून ठेवण्यात आहे. किती वाजता, कोणत्याही स्थितीत, पाठ फिरवावयाची. कोणते लक्षण दिसताच कोणाला खाली न्यावयाचे. आणि तो निर्णय करण्याची मुखत्यारी कोणाकडे राहील, हे सारे तळावर, भरल्या पोटी, पुरेशा हवेत ठरवून टाकावयाचे, आणि वर गेल्यावर त्याचा फेरविचार करण्याची मुभा स्वतःलाही द्यावयाची नाही. हा नियम सर्वांना ठाऊक असतो, तरी पाळला जात नाही. १० मे १९९६ रोजी एव्हरेस्टवर रॉब हॉल या निष्णात न्यूझीलंडवासी मार्गदर्शकाने आपल्या तुकडीला दुपारची मर्यादा घालून दिली होती, आणि तो स्वतः आपल्या शेवटच्या सोबत्यासह चार वाजून गेल्यावर माथ्यावर होता. त्या संध्याकाळच्या वादळात शिखराच्या दोन्ही बाजूंना मिळून आठ माणसे गेली. उत्तरेकडच्या बाजूला गेलेले तिघे भारत-तिबेट सीमा पोलिसांच्या मोहिमेतील आपले देशबांधव होते. या दुर्घटनेवर विपुल लिहिले गेले आहे. परंतु त्याच दिवशी हॉलच्या तुकडीतील तीन गिऱ्हाइकांनी सकाळी साडेअकराच्या सुमारास, वाट गर्दीने तुंबलेली पाहून, माथा आणखी किती दूर आहे असे त्याला विचारले. अजून तीन तास लागतील असे उत्तर आले. त्यांनी वेळेची व उरलेल्या प्राणवायूची बेरीज केली, ती मर्यादेच्या पलीकडे जाते असे पाहिले, आणि भर उन्हात, स्वच्छ आभाळाखाली, अंगात बळ असताना तिघे मागे फिरले. आठ हजार मीटरांहून अधिक उंचीवर, वर्षभराची तयारी आणि हजारो डॉलर मातीस मिळत असताना तीन मेंदूंना ती साधी बेरीज कशी करता आली, याचे उत्तर शोधण्यापासून पुढील विवेचनाला आरंभ केला आहे.